टाकी भरलेली, काटा रिकामा

डॅशबोर्डवरचा काटा टाकीतले इंधन थेट मोजत नाही. टाकीत दांडीच्या टोकाला एक फ्लोट असतो. इंधनाच्या पातळीबरोबर तो वर-खाली होतो आणि दांडीला जोडलेली पत्ती रोधाच्या तारेवरून सरकते. रोध बदलला की मीटरकडे जाणारा विद्युतप्रवाह बदलतो आणि काटा हलतो. टाकीतल्या या जोडणीला गॅरेजमध्ये टँक युनिट म्हणतात. जुन्या गाडीचा काटा बिघडला तर दोष मीटर, वायर, टँक युनिट किंवा अर्थिंग यांपैकी कुठेही असू शकतो.

महिंद्राच्या नाशिक कारखान्यात २००२ पासून स्कॉर्पिओ तयार होऊ लागली. तिच्यासारख्या जुन्या डिझेल गाड्यांत हा बिघाड जास्त त्रासाचा ठरतो. टाकी कोरडी पडली की इंधनाच्या नळ्यांत हवा शिरते. मग नुसते डिझेल ओतून भागत नाही, हातपंप मारून हवा काढावी लागते. कसारा घाटात, मागे ट्रकांची रांग असताना, हे काम कोणालाच नको असते.

घाटात चढावर किंवा वळणावर काटा थोडा सरकला तर तो बिघाड नव्हे; टाकीतले इंधन एका बाजूला कलते, एवढेच. म्हणून काटा पाहायचा तो गाडी सपाट जागी उभी करून.

तपासणी डॅशबोर्डपासून सुरू करावी. आधी फ्यूज पाहावा, मग शेजारचा तापमानाचा काटा. दोन्ही काटे एकाच वेळी चुकत असतील तर टाकीला हात लावण्याचे कारण नाही. अनेक जुन्या गाड्यांत दोन्ही मीटरना एकाच व्होल्टेज स्टॅबिलायझरमधून वीज मिळते. तो बिघडला किंवा त्याचे अर्थिंग सुटले की दोन्ही काटे एकदम वर चढतात, नाहीतर खाली पडून राहतात.

फक्त इंधनाचाच काटा चुकत असेल तर टँक युनिटची वायर कपलरपाशी काढून किल्ली फिरवावी. काटा एका टोकाला गेला पाहिजे. मग त्याच वायरचे टोक क्षणभर चासीला टेकवावे. काटा दुसऱ्या टोकाला गेला पाहिजे. रिकामे कोणते आणि भरलेले कोणते, हे गाडीनुसार उलटसुलट असते. काटा दोन्हीकडे पूर्ण फिरला तर मीटर आणि वायर ठीक आहेत. तो हललाच नाही, तर हीच चाचणी मीटरच्या मागच्या टोकावर करावी. तिथे काटा हलला तर वायर मध्येच तुटलेली आहे. तिथेही हलला नाही तर मीटरचा वीजपुरवठा तपासावा आणि तो ठीक असेल तरच मीटरला दोष द्यावा. किल्ली फिरवल्यावर सावकाश चढणारा काटा गरम होऊन वाकणाऱ्या द्विधातूच्या पट्टीवर चालतो. अशा मीटरची वायर जास्त वेळ टेकवून ठेवली तर मीटर जळू शकते. ठिणगी उडण्याची शक्यता असल्याने ही चाचणी टाकीच्या तोंडाजवळ कधीही करू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत साचून राहते.

दोष टाकीच्या बाजूला निघाला तरी युनिट लगेच बदलू नये. पावसाळ्यातला चिखल आणि गंज यांमुळे टाकीचे अर्थिंग कमजोर होते. युनिटच्या झाकणापासून चासीपर्यंत एक जादा वायर जोडून पाहावी. काटा सुधारला तर काम थोडक्यात आटोपले. ही साधी गोष्ट न पाहता नवे युनिट विकत घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

तरीही काटा सुधारला नाही तर बॅटरीची वायर काढून, मोकळ्या हवेत युनिट बाहेर काढावे. मल्टिमीटर लावून दांडी हळूहळू फिरवली की ओहमचा आकडा सलग बदलला पाहिजे. आकडा मध्येच उडत असेल तर तार झिजली आहे, आणि चालत्या गाडीत काटा थरथरतो तो यामुळेच. जुन्या पितळी फ्लोटला बारीक भोक पडले की त्यात इंधन शिरते आणि तो बुडतो. कानाशी धरून हलवल्यास आत आवाज येतो. अशा फ्लोटला डाग देण्याच्या भानगडीत पडू नये. आत अडकलेली वाफ पेट घेऊ शकते; त्यापेक्षा नवा फ्लोट बसवावा.

नवे युनिट घेताना मीटरशी त्याचा रोध जुळतो का, हे विचारावे. काही युनिटांचा रोध रिकाम्या टाकीला २४० आणि भरलेल्या टाकीला ३३ ओहम असतो, तर काहींचा रिकाम्याला १० आणि भरलेल्याला १८०. चुकीची जोडी बसली तर भरलेल्या टाकीवर काटा रिकामा दाखवतो.