रत्नागिरीहून मिरीच बेटाला

लग्नाच्या पंगतीत शेजारी नवा माणूस बसला, की पहिला वरणभात संपायच्या आत एक प्रश्न हटकून येतो : "आपण मूळचे कुठले?" बडोद्यात सात-आठ पिढ्या काढलेला माणूसही त्यावर "बडोद्याचा" असे उत्तर देत नाही. तो सांगतो, आम्ही मूळचे वाईचे, आम्ही राजापूरचे, आम्ही संगमेश्वराकडचे. त्या गावी त्याचे घर उरलेले नसते, शेतही नसते. कधीकाळी आजोबा कुलदैवताला जाऊन आले होते एवढाच काय तो संबंध. तरी उत्तर मात्र चुकत नाही.

हाच प्रश्न हिंदी महासागरातील एका बेटावरच्या मराठी माणसास विचारला, तर तो बहुधा "महाराष्ट्र" एवढेच म्हणतो. गावाचे नाव हवे असेल तर त्याला दप्तर उघडावे लागते. हे बेट म्हणजे मॉरिशस. मुंबईपासून साडेचार हजार किलोमीटरांहून अधिक दूर आणि आकाराने आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या चौथ्या हिश्शाएवढेही नाही. तेथे आज मराठी वंशाचे म्हणवणारे लोक वीस हजारांच्या आसपास असल्याचे सांगतात. हे लोक तेथे कसे गेले, आणि गेल्यावर परक्या मातीत त्यांनी संसार कसा मांडला, ही कहाणी आपल्यासारख्या जुन्या स्थलांतरितांनी ऐकण्याजोगी आहे.

आपले पूर्वज गुजरातेत आले ते गायकवाडांच्या घोड्यांमागून. कोणी तलवार घेऊन आले, कोणी दौत-लेखणी घेऊन, तर कोणी नुसते पळी-पंचपात्र घेऊन. (आचारी आणि पाणके म्हणून आलेलेही पुष्कळ होते. त्यांच्या वंशजांना आता सरदारांचे वंशज म्हणवणे आवडते, ती गोष्ट निराळी.) मॉरिशसला जे गेले त्यांच्यापुढे घोडा नव्हता, मागे सनद नव्हती. त्यांच्या नावापुढे एक आकडा होता.

ब्रिटिशांनी हे बेट फ्रेंचांकडून १८१० साली घेतले. सारी संपत्ती उसाची, आणि उसाचे सारे कष्ट आफ्रिकेतून व मादागास्करातून आणलेल्या गुलामांचे. १८३५ च्या फेब्रुवारीत तेथे गुलामगिरी कायद्याने बंद झाली. मळेवाल्यांनी त्याआधीच हिंदुस्थानाकडे डोळे लावले होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून छत्तीस मजूर पोर्ट लुईच्या बंदरात उतरले, आणि तेथून १९२० पर्यंत सुमारे साडेचार लाख हिंदी माणसे त्याच धक्क्यावरून गेली. बहुतेक बिहारकडची, पुष्कळ मद्रास इलाख्यातील, आणि थोडी मुंबई बंदरातून चढलेली. या थोड्यांतच आपली कोकणातील व घाटावरील माणसे होती.

पहिल्या करारांची भाषा सोपी होती. पाच वर्षे काम, पुरुषास महिना पाच रुपये, शिवाय तांदूळ, डाळ, मीठ, तेल आणि अंगावरचे कापड. ज्याच्या खाचरात चार महिन्यांचे भात पिकते आणि उरलेले आठ महिने नाचणीच्या पेजेवर व सावकाराच्या मर्जीवर निघतात, त्याला महिना पाच रुपये आणि रोजचा तांदूळ म्हणजे काय वाटले असेल? वर दलालांनी पेरलेल्या गप्पा होत्याच. मिरीच देशात दगड उलटला की खाली सोने सापडते, ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध गप्प आजही त्या बेटावर घरोघर सांगतात.

गंमत अशी, की दगड त्यांनी खरोखरच उलटले. बेट ज्वालामुखीचे. जमिनीत काळ्या फत्तरांची इतकी गर्दी, की ऊस लावण्याआधी ते उपसून काढावे लागत. त्या दगडांचे रचलेले मोठमोठे ढीग अजूनही उसाच्या शेतांतून मधोमध उभे दिसतात, दुरून एखाद्या पडक्या गढीसारखे. सोने निघाले ते मळेवाल्यांना, साखरेच्या रूपाने.

या काळ्या दगडाची आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात, की सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या खोल अग्निस्रोतातून लाव्हा वर आला व आपला सह्याद्री आणि सारे दख्खनचे पठार तयार झाले, त्याच स्रोतातून पुढे फार फार काळाने मॉरिशस व शेजारचे रेयुनियन बेट वर आले. भारतभूमी उत्तरेकडे सरकत गेली आणि ती चूल समुद्रात मागे राहिली. म्हणजे रत्नागिरीचा कुणबी ज्या दगडाला ठेच लागून वाढला, त्याचाच भाऊबंद दगड त्याला साता समुद्रांपलीकडे उपसावा लागला. त्याला हे कोठून ठाऊक असणार! पण दगड पाहून त्याला ओळखीचे वाटले असेल, असे आम्हांस उगाच वाटते. नारळ होता, फणस होता, नीरफणसही होता. पाऊसही कोकणासारखाच कोसळणारा. फक्त ऋतू उलटे. आपल्याकडे थंडी पडे तेव्हा तेथे उन्हाळा आणि वादळांचे दिवस. २९ एप्रिल १८९२ च्या वादळाने तर पोर्ट लुईचा मोठा भाग जमीनदोस्त केला आणि हजारावर माणसे मारली.

धक्क्यावर उतरल्यावर एक-दोन दिवस वखारीत काढायचे, मग मळ्यावर. तेथे ओळीने बांधलेल्या खोपटांची वस्ती, जिला 'कँप' म्हणत, आणि वर मुकादम, ज्याला 'सरदार' म्हणत. आपल्या बडोद्यात सरदार म्हणजे काय आणि तेथे सरदार म्हणजे काय! एक दिवस कामावर आले नाही तर दोन दिवसांची मजुरी कापण्याचा रिवाज होता. १८६७ च्या कायद्याने तर करार संपलेल्या जुन्या मजुरालाही छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसेल तर रस्त्यावरून थेट कोठडीत. या जाचाविरुद्ध १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेव्हिट्झ नावाच्या एका युरोपियन गृहस्थाने हजारो मजुरांच्या सह्या-अंगठ्यांचा अर्ज गव्हर्नराकडे दिला, तेव्हा चौकशीसाठी विलायतेहून आयोग आला. त्या भल्या माणसास मळेवाल्यांनी नंतर काय छळले ते निराळेच सांगावे लागेल.

येथे बडोद्याने मान ताठ करावी असा एक धागा आहे. १९०१ साली दक्षिण आफ्रिकेहून परतताना गांधीजी काही दिवस पोर्ट लुईत थांबले होते, आणि येथील हिंदी लोकांची बाजू मांडणारा कोणी हवा हे त्यांच्या मनात राहिले. त्यानंतर १९०७ मध्ये जो तरुण बॅरिस्टर तेथे गेला तो मणिलाल डॉक्टर, जन्माने बडोद्याचा. त्याने मजुरांचे खटले चालवले, १९०९ च्या शाही आयोगापुढे त्यांची गाऱ्हाणी मांडली, आणि त्याच साली 'हिंदुस्थानी' नावाचे पत्र काढले. पत्र प्रथम इंग्रजी व गुजराती या भाषांत निघे. मळ्यावरच्या माणसाला त्यांतली एकही येत नव्हती, हे ध्यानी आल्यावर गुजरातीची जागा हिंदीने घेतली. बडोद्याच्या माणसाने गुजराती सोडून हिंदी धरली, ही व्यवहारदृष्टी कौतुकाची खरी. पण त्या हिंदीच्या सावलीत मराठी कोपऱ्यात गेली, हेही तितकेच खरे.

कारण भाषेचा प्रश्न सर्वांत अवघड होता. मळ्यावर चहूकडे भोजपुरी, बाजारात फ्रेंचवरून बनलेली क्रिओल, कचेरीत इंग्रजी. चार घरांच्या मराठीने किती दिवस तग धरावा? त्यातून बायका सुरुवातीला फार थोड्या गेल्या होत्या, आणि आजी नसलेल्या घरात भाषा टिकत नाही. नावांचेही तेच. कारकुनाने विचारले, माणसाने स्वतःचे नाव सांगितले, बापाचे सांगितले. जे कानावर पडले ते इंग्रजी अक्षरांत उतरले आणि पुढच्या पिढीचे आडनाव होऊन बसले. आपल्याकडे ज्या हाका अंगणात मारतात ती नावे तेथे वकिलांच्या पाटीवर आडनावे म्हणून दिसतात.

परंतु माणूस पाय रोवतो तो जमिनीत. १८७० नंतर मोठे मळे तुकडे पाडून विकले जाऊ लागले, तेव्हा पै-पैसा साठवलेल्या जुन्या मजुरांनी एकर-दोन एकर घ्यायला सुरुवात केली. ज्या दगडाचे ढीग परक्यासाठी रचले, तो आता स्वतःच्या बांधाला लागला. मराठी कुटुंबे वाकोआ, हेन्रिएटा, पश्चिमेकडील कास्कावेल अशा गावांतून स्थिरावली. हेन्रिएटा येथे भिवाजी नावाच्या कुटुंबाने १८९६ मध्ये गणपती बसवला, तो त्या बेटावरील पहिला गणेशोत्सव, असे तेथे परंपरेने मानतात. आज गणेशोत्सवाची सुटी साऱ्या देशाला असते. पण ती चतुर्थीला नसते, दुसऱ्या दिवशी, विसर्जनाला असते. यातच सारे आले. दीड दिवसाचा गणपती! कोकणातल्या घरचा शिरस्ता समुद्र ओलांडून तसाच गेला.

त्या रात्री मंडळी 'झाकरी' नाचतात. फेर धरून, पायांनी ठेका देत, गणपतीपुढे. कोकणात जाखडी पाहिलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागू नये. नाचणाऱ्यांपैकी कित्येकांना गाण्याच्या शब्दांचा अर्थ लागत नाही. ओळी पाठ असतात, पाय चुकत नाहीत. आम्ही प्रथम हे ऐकले तेव्हा थोडे हसू आले. मग आमच्याच घरी संध्याकाळी आरतीला उभी राहणारी नातवंडे आठवली. सारी आरती खणखणीत म्हणतात, आणि एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला तर एकमेकांकडे पाहून गुजरातीत कुजबुजतात. आमच्यामागे तर राजाश्रय होता, मराठी शाळा होत्या, ग्रंथालये होती. त्यांच्यामागे काय होते?

म्हणूनच त्यांची आताची खटपट मोलाची वाटते. मॉरिशस १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाले. १९७० मध्ये मोका येथे महात्मा गांधी संस्था स्थापन झाली. तेथे मराठीचे शिक्षण मिळते. प्राथमिक शाळांतूनही मुलांना मराठी विषय घेता येतो, आणि सरकारी नाट्यस्पर्धांत मराठी नाटके होतात. बोलीतून गेलेली भाषा पुस्तकातून परत आणायची, हे उलट्या प्रवाहात पोहण्यासारखे आहे. घरी क्रिओल बोलणारा मुलगा शाळेत 'ळ' गिरवतो.

पोर्ट लुईचा तो धक्का आता आप्रवासी घाट म्हणून ओळखला जातो. २००६ मध्ये त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला. काळ्या दगडाच्या थोड्याशा पायऱ्या उरल्या आहेत, आणि दर २ नोव्हेंबरला तेथे लोक फुले वाहतात.

आणि उतरलेल्या माणसांची दप्तरे मोक्याच्या त्या संस्थेत जपून ठेवली आहेत. नाव, आकडा, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरील खूण, जहाज, जिल्हा, गाव. काहींची छायाचित्रेही. पणजोबाचा आकडा ठाऊक असलेला पणतू तेथे जातो, कारकून पान काढून देतो. जिल्हा वाचता येतो : साहेबी वळणाचे 'रटनागेरी'. गावाच्या नावापाशी मात्र गाडी अडते. ज्याने सांगितले त्याची मराठी आणि ज्याने लिहिले त्याचे कान, यांच्यामध्ये ते गाव कोठेतरी हरवलेले असते. मग तो ती पाच-सहा अक्षरे कागदावर उतरवून घेतो, आणि रत्नागिरीच्या नकाशावर बोट ठेवून एकेक वाडी मोठ्याने वाचत जातो.