लहरी कुणाच्या

२४ नोव्हेंबर १९९३. ईडन गार्डन्सवर पहिल्यांदाच प्रकाशझोतात सामना होत होता. हिरो कपची उपांत्य फेरी, शेवटचं षटक, दक्षिण आफ्रिकेला हव्यात सहा धावा. अझरुद्दीनने चेंडू वीस वर्षांच्या सचिनच्या हातात दिला. सचिनने तीनच धावा दिल्या आणि भारत दोन धावांनी जिंकला. माझ्या पिढीच्या कुठल्याही मराठी माणसाला झोपेतून उठवून विचारा, तो हे षटक चेंडूगणिक सांगेल.

पण हा सामना घरोघरी दिसावा म्हणून त्याआधीचे काही आठवडे केवढी कोर्टकचेरी झाली, ते फारसं कुणाला आठवत नाही. बंगालच्या क्रिकेट संघटनेने आपल्या हीरक महोत्सवाच्या स्पर्धेचे प्रक्षेपणाचे हक्क ‘ट्रान्सवर्ल्ड इंटरनॅशनल’ या परदेशी कंपनीला विकले होते. दूरदर्शनला ते मानवलं नाही. कंपनीची यंत्रसामग्री कस्टम्सने अडवून ठेवली. सरकारचा आधार होता १८८५चा तार कायदा. देशात तार टाकण्याचा आणि चालवण्याचा हक्क फक्त सरकारचा, असं हा कायदा म्हणत होता. वाद आधी कोलकाता उच्च न्यायालयात आणि मग थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. स्पर्धा संपली, करंडक कपाटात गेला, निकाल मात्र ९ फेब्रुवारी १९९५ला लागला. तो लिहिणाऱ्यांत न्या. पी. बी. सावंत हे आपले मराठी न्यायमूर्ती होते. न्यायालयाने सांगितलं की आकाशातल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यांवर सरकारची मक्तेदारी नको आणि त्या खासगी धनिकांच्या हवाली करणंही धोक्याचं. लोकांच्या हितासाठी त्यांचा वापर एका स्वायत्त सार्वजनिक संस्थेच्या देखरेखीखाली व्हावा.

मला हा निकाल सचिनच्या त्या षटकापेक्षा मोठा वाटतो. एका क्रिकेट स्पर्धेच्या भांडणातून या देशातल्या शेवटच्या माणसाचा आकाशावरचा हक्क मान्य झाला होता.

त्याच वर्षी, ३१ जुलैला, बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना मोबाइलवर फोन लावला. देशातला हा पहिला मोबाइल कॉल. निकालानंतर जेमतेम सहा महिने झाले होते. पण लहरी लोकांच्या ठरल्या आणि फोन आला तो परवाना घेतलेल्या कंपनीचा. केलेल्या फोनला पैसे, आलेल्या फोनलाही पैसे. मिनिटाचा दर इतका की फोन आला की लोक तो कापून शेजारच्या पीसीओकडे धावायचे.

तसं पाहिलं तर कोलकात्याची ही जुनीच गोष्ट आहे. तार असो की फोन, आधी इथे आला, आणि आला तो कुणाच्या तरी मालकीचाच. १८३९मध्ये कलकत्ता मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या विल्यम ओशॉनेसी यांनी शहराजवळ काही मैल तार ओढून प्रयोग केला. १८५१मध्ये कोलकाता ते डायमंड हार्बर ही लाइन सुरू झाली. तिच्या उभारणीत शिबचंद्र नंदी हा बंगाली माणूस ओशॉनेसींचा उजवा हात होता. तरी तार होती कंपनी सरकारच्या मालकीची आणि पहिलं काम जहाजांच्या बातम्यांचं. २८ जानेवारी १८८२ला टेलिफोन एक्स्चेंज उघडलं तेव्हा ग्राहक होते ९३. पुढे २०१२च्या एप्रिलमध्ये देशातली पहिली ४जी सेवासुद्धा याच शहरात सुरू झाली. त्या वेळीही सुंदरबनातल्या कित्येक बेटांवर साधा फोन लागावा म्हणून लोक बांधावर चढून उभे राहायचे.

या सगळ्या ‘पहिल्यां’मध्ये एक पहिलेपण वेगळं आहे आणि त्याचं नाव क्वचितच निघतं. १९२१मध्ये अमरेंद्रचंद्र गुप्तू यांना हौशी रेडिओचा परवाना मिळाला. कॉल साइन २ जेके. भारतातले ते पहिले हॅम. त्याच वर्षी मुकुल बोस (२ एचक्यू) दुसरे झाले. आता दोन टोकं झाली, म्हणजे बोलायला कुणीतरी झालं. दोघेही कोलकात्याचे. १९२३च्या नोव्हेंबरमध्ये रेडिओ क्लब ऑफ बेंगॉलने कार्यक्रम प्रक्षेपित करायला सुरुवात केली. मुंबईचा क्लब त्याच्या काही महिने आधीचा. सरकारी आकाशवाणी अजून जन्मायची होती. सभासदांची वर्गणी, उसना ट्रान्समीटर आणि संध्याकाळचे मोजके तास, एवढ्या भांडवलावर ही मंडळी बोलत होती. १९३९मध्ये युद्ध पेटलं आणि हौशी परवाने रद्द झाले. तीन वर्षांनी मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी काँग्रेस रेडिओ चालवला तो अर्थात विनापरवाना, आणि त्यासाठी तुरुंगही भोगला.

हॅमचा संच जवळून पाहिला तर त्यातलं मोठेपण कळतं. टेबलावर मावेल एवढी एक पेटी, तिला ‘रिग’ म्हणतात. बाजूला गाडीची बारा व्होल्टची बॅटरी. अँटेना म्हणजे तांब्याची साधी वायर: ७ मेगाहर्ट्झसाठी साधारण वीस मीटर घ्यायची, मधोमध कापायची, दहा मीटर इकडे, दहा मीटर तिकडे, आणि दोन बांबूंवर ताणून बांधायची. झालं. मध्ये टॉवर नाही, केबल नाही, कुणाचा सर्व्हर नाही. लहर वर जाते, वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर आदळून शेकडो किलोमीटर पलीकडे उतरते. कोलकात्याहून निघालेला आवाज संध्याकाळी विदर्भात ऐकू येतो. याच थराचा अभ्यास कोलकाता विद्यापीठात शिशिरकुमार मित्र यांनी आयुष्यभर केला. परीक्षा द्यायची, परवाना आणि कॉल साइन मिळवायची आणि संच स्वतःचा. त्यावर धंदा करता येत नाही, तशी नियमात सक्त मनाई आहे. निरोप पोचवायचा तो फुकटच.

अम्फान चक्रीवादळ आलं त्या रात्री मला याचा अर्थ कळला. २० मे २०२०. आम्ही तेव्हा दक्षिण कोलकात्यात टॉलिगंजच्या बाजूला राहत होतो. संध्याकाळपासून वाऱ्याचा जो घोगरा आवाज लागला तो रात्री उशिरापर्यंत थांबला नाही. वीज गेली, पाठोपाठ फोनची रेंज गेली. पुण्यात आई फोन लावून लावून थकली असणार हे मला कळत होतं आणि मी काही करू शकत नव्हते. तिसऱ्या दिवशी शोध लागला की गच्चीत, पाण्याच्या टाकीच्या कठड्याला टेकून हात वर केला की रेंजची एक दांडी येते. अख्ख्या इमारतीची रांग त्या कठड्याशी लागली. एकेकाने एकच वाक्य बोलायचं, “आम्ही ठीक आहोत”, आणि बाजूला व्हायचं. हातात महागडे फोन होते, पण त्यातलं काहीही आमचं नव्हतं. टॉवर कुठे आहे, तो कोण दुरुस्त करणार, कधी करणार, विचारायचं कुणाला, यातलं काही कुणाला ठाऊक नव्हतं.

आमच्या गल्लीत सर्वांत आधी उगवला तो केबलवाला मुलगा. खांद्यावर काळ्या वायरचं भेंडोळं, पायात रबरी चपला. पडलेल्या कृष्णचुड्याच्या, म्हणजे गुलमोहराच्या, फांद्यांवरून उड्या मारत तो या गच्चीवरून त्या गच्चीवर वायर ओढत होता. तो गल्लीच्या टोकालाच राहायचा, म्हणून आला. मी तेव्हापासून हे विसरलेले नाही.

त्याच दिवसांत सुंदरबनाच्या बाजूला हॅम मंडळी बॅटऱ्या आणि बांबू घेऊन बसली होती. २०१९चं बुलबुल, २०२०चं अम्फान, २०२१चं यास या तिन्ही वादळांत पश्चिम बंगाल रेडिओ क्लबच्या लोकांनी हे केलं. डिसेंबर २००४ची त्सुनामी आली तेव्हाही असंच झालं होतं. भारती प्रसाद (व्हीयू२आरबीआय) या त्या महिन्यात हॅम पथक घेऊन पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. अंदमानचे फोन मुके झाल्यावर मुख्य भूमीशी बोलणारा दुवा त्यांचाच होता.

आता एक कबूल करायला हवं. हॅम रेडिओवर शाळा भरत नाही. त्याच २०२०मध्ये वर्ग मोबाइलवर गेले आणि गरिबांची मुलं वर्गाबाहेर राहिली. राष्ट्रीय नमुना पाहणीने २०१७-१८चे आकडे दिले होते: शहरांत शंभरातल्या ४२ घरांत इंटरनेटची सोय, गावांत जेमतेम १५. संगणक गावांतल्या शंभर घरांपैकी चारांत, फार तर पाचांत. बंगाल सरकारने बारावीच्या मुलांना टॅब घ्यायला प्रत्येकी दहा हजार रुपये दिले. चांगलं केलं. पण बेटावरच्या मुलाच्या हातात टॅब आला तरी रेंज कुठून आणायची?

इथे मला आपल्याकडचे दोन प्रयोग आठवतात. पहिला वारणेचा. १९९८मध्ये वारणानगरच्या परिसरातली ७० गावं संगणकांनी जोडली गेली, सहकारी साखर कारखान्याच्या आधाराने. पेपरांत तेव्हा ‘वायर्ड व्हिलेज’ असा गवगवा झाला. शेतीसल्ला, बाजारभाव, शिक्षण, सगळंच मिळणार होतं. प्रत्यक्षात शेतकरी केंद्रावर यायचा तो ऊसनोंद, तोडणीची पाळी, वजन आणि बिल विचारायला. जुने संगणक खर्चीक ठरू लागले तेव्हा, २००७च्या सुमारास, मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या मंडळींनी सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल ठेवला. एसएमएस पाठवला की आपल्या उसाचा हिशेब परत. शेतकऱ्यांना तो जास्त आवडला. काही जण याला अपयश म्हणतात. मी म्हणणार नाही. कारखाना सभासदांचा होता, म्हणून लोकांना खरोखर काय हवं ते यंत्रणेला ऐकावं लागलं.

दुसरा प्रयोग पालघरचा. आयआयटी मुंबईच्या अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दूरदर्शनच्या पट्ट्यातल्या रिकाम्या लहरी वापरून पाहिल्या. या लहरी झाडीतून आरपार जातात आणि काही किलोमीटर लांब पोचतात, म्हणून पाड्यापाड्यांसाठी सोयीच्या. परवाना मात्र प्रयोगापुरताच मिळाला, म्हणून पुढे जास्त गावं जोडताना परवानामुक्त वायफायच्या लहरींवर यावं लागलं. ‘ग्राममार्ग’ नावाच्या या कामात पंचायतीला भागीदार धरलं होतं. २०१७मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं, सव्वा लाख डॉलरचं. ते सादर करणाऱ्या सर्बनी बॅनर्जी बेलूर. बंगाली बाईंनी आदिवासी पाड्यांसाठी झटावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पाडा हा शब्दही दोन्हीकडे आहे. पालघरला पाडा म्हणजे आदिवासी वस्ती. कोलकात्यात पाडा म्हणजे गल्लीमोहल्ला, जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात. प्रत्येक पाड्याला एक क्लब असतो. क्लबला स्वतःची खोली, कॅरम, टीव्ही. दुर्गापूजेची वर्गणी हेच लोक गोळा करतात, रक्तदान हेच भरवतात. पाड्याचं स्वतःचं नेटवर्क उभं करायला यापेक्षा वेगळं काय लागतं? स्पेनच्या कातालोनियात २००४पासून गावकऱ्यांनी छपराछपरावर अँटेना लावून ‘ग्विफी’ हे स्वतःच्या मालकीचं नेटवर्क विणलं आणि ते हजारो घरांपर्यंत गेलं. आपल्याकडेही २००५पासून वायफायच्या लहरी परवानामुक्त आहेत. पण त्यावर इंटरनेट द्यायचं तर कंपनीचा परवाना हवा, आणि तो पाड्याच्या क्लबला झेपणारा नव्हता. नव्वदच्या दशकात गल्लीतल्याच पोरांनी गच्च्यांवरून ओढलेली केबल ही त्यातल्या त्यात पाड्याची म्हणावी अशी वायर. २०१२नंतर सेट-टॉप बॉक्स आले आणि तीही मोठ्या कंपन्यांच्या हाती गेली. डिसेंबर २०२०मध्ये केंद्राने ‘पीएम-वाणी’ मंजूर केली. चहावाल्यालाही विनापरवाना वायफाय देता येईल, ही त्यातली कल्पना. पंधरा वर्षं आधी ती यायला हवी होती.

कम्युनिटी रेडिओचंही असंच झालं. १९९५च्या निकालाचा धागा धरून कार्यकर्ते झगडत राहिले. २००२च्या अखेरीस शिक्षणसंस्थांना परवानगी मिळाली, २००६मध्ये स्वयंसेवी संस्थांना. २००८मध्ये जादवपूर विद्यापीठाचा रेडिओ जेयू सुरू झाला, त्याच वर्षी साताऱ्यात म्हसवडला माणदेशी तरंग. पण या केंद्रांना स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी. लहरी लोकांच्या म्हणायच्या, आणि गावातली बातमी गावाने सांगायची नाही, हे मला आजही पटत नाही. १८८५चा तार कायदा जाऊन २०२३चा दूरसंचार कायदा आला, तरी पाड्याला स्वतःची वायर सहज टाकता येईल अशी वाट अजून दिसत नाही.

पुन्हा हॅमकडे येते. मी एका जानेवारीत गंगासागरच्या मेळ्याला गेले होते. लॉट नंबर आठवरून व्हेसलने मुरीगंगा ओलांडून कचुबेरिया, तिथून बसने बेटाच्या दक्षिण टोकाला. मेळ्यात लाखोंची गर्दी, आणि दरवर्षी कित्येक म्हातारी माणसं घरच्यांपासून चुकतात. फोन नंबर पाठ नसतो, काहींना जिल्ह्याचं नावही सांगता येत नाही. हॅम मंडळी त्यांच्याशी बोलत बसतात, कुठल्या बोलीत बोलतात ते ऐकतात, गावाजवळच्या देवळाचं नाव विचारतात, नदीचं विचारतात. मग तो आवाज त्या बाजूच्या हॅमला ऐकवतात: ही बोली तुमच्याकडची का?

तंबूच्या मागे दोन बांबू रोवलेले होते आणि मधे वायर ताणलेली. एक पोरगा बॅटरीच्या टोकांवरचा खारट ओलावा फडक्याने पुसत होता. समोर खुर्चीवर एक आजी, डोक्यावरून पदर घेतलेली. तिला माईक दिला तर ती गप्पच झाली. मग त्या पोराने बटण सोडलं आणि बंगाली वळणाच्या हिंदीत विचारलं, “दादी, आपके यहाँ चूल्हे को क्या बोलते हैं?”

आजीने सांगितलं. त्याने बटण पुन्हा दाबलं.