चालत्या होडीमागचा गळ आणि उंद्रीच्या बाजारातली सुकट

उंद्रीहून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. चिखली-खामगाव रस्त्यावरचं हे घाटावरचं गाव. इथल्या माणसाला पाण्याची गोष्ट काढली की विहीर आठवते, नाला आठवतो, फार तर खडकपूर्णा नाहीतर पेनटाकळीचं धरण. तरीही समुद्र या भागात येतोच. आठवडी बाजारात पोत्यावर मांडलेली सुकट आणि काडीसारखे वाळलेले बोंबील हे त्याचंच रूप. लसूण-मिरचीवर परतलेली मूठभर सुकट अन् ज्वारीची भाकर, एवढ्यावर कितीतरी मजुरांच्या घरची संध्याकाळ निभते. त्यामुळे बाजारात ‘‘मावशी, कशी लावली सुकट?’’ असं विचारून भाव ऐकला की गिऱ्हाईक म्हणतं, ‘‘लय महाग झालं बाप्पा!’’ आणि मापटं अर्ध्यावर येतं.

ही सुकट महाग का होते, याचा एक धागा थेट समुद्रात जातो. तिथं मासे धरायच्या दोन रीती आहेत, नावं जवळजवळ सारखी आणि काम मात्र एकदम उलटं. एक ट्रोलिंग, दुसरी ट्रॉलिंग. मराठीत लिहिताना मात्रेचा अन् अर्धचंद्राचा घोळ हमखास होतो. त्यात आजकाल मोबाइलवर कुणाला टोचून बोलण्यालाही ट्रोलिंग म्हणतात. गावच्या पोरांना तोच अर्थ ठाऊक.

आधी पहिली रीत. ट्रोलिंग म्हणजे होडी चालती ठेवायची आणि तिच्या मागे गळ ओढत न्यायचे. होडीच्या दोन्ही अंगांना लांब काठ्या बाहेर काढलेल्या असतात. दोऱ्या एकमेकींत गुंतू नयेत म्हणून प्रत्येकीची लांबी वेगळी. टोकाला जिवंत आमिष असतंच असं नाही. रंगीत चिंधी, पिसं, प्लॅस्टिकच्या पट्ट्या किंवा चकाकणारा पत्रा गळावर बांधला तरी चालतो. होडी ताशी आठ-दहा किलोमीटरने, म्हणजे निवांत सायकलीच्या चालीने निघते आणि मागचं आमिष पळत्या लहान माशासारखं दिसतं. सुरमई, कुपा असले शिकारी मासे त्यावर झेप घेतात. सुरमईचे दात इतके धारदार की नायलॉनची दोरी ती सहज तोडते, म्हणून गळाच्या वर वीतभर-हातभर तार लावावी लागते.

ऐकायला सोपं वाटतं, पण डोळा तयार लागतो. पाखरं एका जागी घिरट्या घालून पाण्यावर सूर मारू लागली की तांडेल समजतो, खाली लहान मासळीचा थवा आहे आणि त्याच्या मागे मोठी आहे. पहाट आणि दिवस मावळतीची वेळ चांगली. थव्याच्या मधून होडी नेली तर मासे बुडी मारतात, कडेकडेने न्यावी लागते. वळण घ्यायचं तर मोठं आणि सावकाश, नाहीतर सगळ्या दोऱ्यांचा गुंता. मासा लागला की वेग कमी करायचा, हाताला चिंधी गुंडाळून दोरी ओढायची, जवळ आला की आकडीने वर घ्यायचा आणि लगेच बर्फात टाकायचा. एकेक करून आलेला हा मासा चेंगरत नाही, त्याला भाव चांगला मिळतो. पिल्लं या गळाला फारशी लागत नाहीत, तळाला धक्का लागत नाही. तोटा डिझेलचा. दिवसभर होडी फिरवून हात हलवत परत यायची पाळीही येते.

लक्षद्वीपमध्ये कुपा माशासाठी ही रीत नेहमीची आहे. आपल्या कोकण किनाऱ्यावर मात्र तिचा वाटा लहान. इथं जोर जाळ्यांचा, आणि त्यातही दुसऱ्या रीतीचा.

ही दुसरी रीत ट्रॉलिंग. इथं गळ नाही, पिशवीसारखं मोठं जाळं. त्याचं तोंड उघडं राहावं म्हणून दोन्ही बाजूंना जड फळ्या बांधतात आणि बोट ते जाळं समुद्राच्या तळावरून माणसाच्या चालीने ओढत नेते. शेतकऱ्याला सांगायचं तर ट्रोलिंग म्हणजे कापसाची वेचणी आणि ट्रॉलिंग म्हणजे वखर. फरक एवढाच की आपण वखर पीक निघाल्यावर घालतो, समुद्रात तो उभ्या पिकात फिरतो. कोळंबीबरोबर पिल्लं, खेकडे, न विकला जाणारा माल, सगळं पिशवीत येतं. यातला पुष्कळसा माल ‘कुटी’ म्हणून मासळीच्या भुकटीच्या कारखान्यात जातो आणि पुढे कोंबडीखाद्य होतो.

देशात या यांत्रिक मासेमारीला चालना मिळाली ती नॉर्वेच्या मदतीने केरळात सुरू झालेल्या प्रकल्पातून. त्याचा करार १९५२ चा. परदेशात कोळंबीला भाव मिळू लागला आणि ट्रॉलर वाढत गेले. किनाऱ्याजवळ होडीने धंदा करणाऱ्यांशी त्यांचे खटके उडू लागले. महाराष्ट्राने १९८१ साली सागरी मासेमारी नियमन कायदा केला, किनाऱ्यालगतचा पट्टा लहान मच्छीमारांसाठी राखला. पुढे २०१६ मध्ये पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आले, २०१७ मध्ये एलईडी दिव्यांवरच्या मासेमारीला केंद्राने बंदी घातली. कागदावर सगळं आहे. रात्रीच्या समुद्रात कुणाचं जाळं कुठं फिरतं हे पाहायला गस्तीच्या नौका किती, हा प्रश्न मालवणपासून पालघरपर्यंत लहान मच्छीमार वर्षानुवर्षं विचारत आले आहेत.

परिणाम दिसायचा तो दिसला. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या आकडेवारीनुसार २०१९ साली राज्यात सागरी मासळी अवघी २.०१ लाख टन उतरली. ४५ वर्षांतला तो नीचांक. त्या वर्षी वादळंही लागोपाठ आली, सगळा दोष जाळ्याच्या माथी मारणं बरोबर नाही. पण पिल्लंच उचलली गेली तर पुढच्या सालाला बियाणं कुठून येणार, हे घाटावरच्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको.

आपली सुकट आणि बोंबील मात्र बहुतेक डोल जाळ्याचे. हे जाळं ओढत नाहीत. ते समुद्रात खुंटाला बांधून ठेवतात, भरती-ओहोटीचा प्रवाहच मासळी त्यात लोटतो. जवळा वाळला की त्याची सुकट, आणि बोंबील बांबूच्या वलांडीवर जबड्यात जबडा अडकवून उन्हात टांगतात. ओल्या बोंबलात बहुतेक पाणीच, म्हणून वाळल्यावर टोपलीभराचे ओंजळभर उरतात. भाव चढतो त्यात हेही कारण धरलं पाहिजे. एकाच समुद्रात डोलीही आहे, गळही आहे आणि तळावरचा वखरही. एकाने जास्त उपसलं की दुसऱ्याच्या जाळ्यात कमी येतं.

गंमत अशी की समुद्राचा आणि आपला हंगाम एकमेकांच्या उलट. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी, कारण मासळीच्या विणीचा काळ आणि समुद्र खवळलेला. नेमकं त्याच वेळी इकडे मृग लागतो आणि तिफणी शेतात उतरतात. आपली पेरणी चालू तेव्हा त्यांच्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, आणि सोयाबीन फुलावर येईस्तोवर ते नारळ वाहून समुद्रात उतरलेले.

म्हणूनच शहाणी बाई सुकट घेते ती उन्हाळा सरता सरता, पाऊस लागायच्या आत. कडक ऊन देऊन डब्यात भरून ठेवली की निंदणी-खुरपणीच्या दिवसांत, भाजी महाग असते तेव्हा कामी येते. यंदाही मे अखेरीस बाजारात पोत्यापुढं गर्दी होईल. मावशी ओंजळभर जास्तीची टाकेल, गिऱ्हाईक म्हणेल, ‘‘अजून एक मूठ टाक वं, घरी खाणारे सात हायेत.’’