जाबदाराची पहिली तारीख

बाईमाणसाने वकिली करावी ती बायकांसाठी, नवऱ्यांच्या बाजूने उभं राहू नये, असं मला अजूनही सुनावलं जातं. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात मी काम करते. विधी सेवेच्या पॅनलवर माझं नाव आहे आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जांत कधी अर्जदार बाईचं, कधी जाबदारांचं वकीलपत्र माझ्याकडे येतं. आधीच सांगून टाकते, माझ्यापुढे आलेले बहुतेक अर्ज खोटे नव्हते. तपशील कधी फुगवलेला असतो, कधी सासरच्या झाडून सगळ्यांची नावं गोवलेली असतात. पण मारहाण, घरखर्च बंद करणं, पगार काढून घेणं हा गाभा बहुधा खरा निघतो. तरीही जाबदाराला वकील मिळालाच पाहिजे आणि तो नोटीस आल्या आल्या मिळाला पाहिजे, या मताची मी आहे. नोटीस आणि पहिली तारीख यांच्या मधल्या दिवसांत माणसं जे करून बसतात, ते पुढे वर्षभर निस्तरावं लागतं. त्याचा त्रास बाईलाही होतो.

एका गवंड्याचं सांगते. ‘डीव्हीची नोटीस’, म्हणजे कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जाची नोटीस, हातात पडल्यावर तो वकिलाकडे गेला नाही, भावकीतल्या चार जाणत्यांना घेऊन थेट बायकोच्या माहेरी गेला. हेतू मिटवण्याचा होता, असं तो म्हणतो आणि माझा त्यावर विश्वास आहे. पण नोटिशीला मागे एक पान टाचलेलं होतं. अर्जदाराशी कोणत्याही प्रकारे संपर्क करू नये, तिच्या राहत्या जागी जाऊ नये, असा कोर्टाचा अंतरिम आदेश त्यावर होता. ते पान त्याने उलटलंच नाही. माहेरच्यांनी पोलिसांना फोन केला आणि जे प्रकरण म्हणणं दाखल करून सुरू व्हायचं, ते जामीनअर्जापासून सुरू झालं.

‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५’ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो, त्यामुळे गावात लगेच ‘केस झाली’, ‘आता आत टाकणार’ अशी बोंब उठते. तसं नसतं. अर्जात मागितलेला दिलासा मुख्यतः दिवाणी स्वरूपाचा असतो: संरक्षण, घरात राहण्याचा हक्क, पैसे, मुलांचा तात्पुरता ताबा, नुकसानभरपाई. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१८ मध्ये नंदकिशोर व्यवहारे प्रकरणात हेच म्हटलं. जाबदार हा आरोपी नसतो. नुसत्या नोटिशीवर कोणी अटक करायला येत नाही. मात्र संरक्षण आदेश मोडला, मग तो अंतरिम का असेना, की कलम ३१ लागतं. तो गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि आदेश मोडल्याच्या निष्कर्षाला कोर्ट त्या बाईच्या एकटीच्या साक्षीवरही येऊ शकतं.

कलम २३ प्रमाणे, वरकरणी हिंसाचार झालाय किंवा होण्याची शक्यता आहे असं दिसलं, तर बाईच्या प्रतिज्ञापत्रावर एकतर्फी आदेशही देता येतो. ‘माझं न ऐकताच?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. हो, न ऐकताच. कारण ज्या रात्री तिला घरातून बाहेर काढलं, त्या रात्रीला तुमच्या तारखेपर्यंत थांबायला सवड नसते. तुमचं ऐकण्यासाठीच पुढची तारीख आहे, आणि त्या तारखेला न जाणं हा सगळ्यात महागात पडणारा हट्ट. नोटीस घेतली नाही म्हणजे प्रकरण थांबलं, अशी समजूत बाळगणारे लोक मी अजून पाहते. कोर्ट पुढे चालतं, आदेश होतो, आणि मग साहेब नोकरीत असतील तर पोटगीची रक्कम थेट पगारातून कापून देण्याचं पत्र मालकाकडे जातं.

आता वकील कुठून आणायचा? या कायद्याच्या कलम ५ ने पोलिसांवर आणि संरक्षण अधिकाऱ्यावर, बाईला तिच्या मोफत कायदेशीर मदतीच्या हक्काची माहिती देण्याचं कर्तव्य टाकलंय. ते योग्यच आहे. जाबदाराला मात्र असं काही सांगण्याचं बंधन कोणावर नाही. म्हणून मी सांगते. मोफत वकिलाचा कायदा म्हणजे विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७. त्याच्या कलम १२ मध्ये मोफत वकील कोणाला मिळतो याची यादी आहे आणि तिथे अर्जदार की जाबदार असा भेद नाही. अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीतला माणूस यांना उत्पन्नाची अट लागत नाही. बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांच्या आत उत्पन्न असावं लागतं.

आणि बायकांना, कोणत्याही बाईला, उत्पन्न न पाहता. हे वाचून पुष्कळांच्या भुवया उंचावतील, पण सासू आणि नणंद याही बायकाच आहेत. मूळ कायद्यात जाबदार म्हणजे ‘प्रौढ पुरुष’ असा शब्दप्रयोग होता. मुंबईच्या हरसोरा कुटुंबाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तो शब्दप्रयोग घटनाबाह्य ठरवला, त्यामुळे आता कौटुंबिक नात्यातल्या स्त्रीविरुद्धही थेट अर्ज चालतो. अशी एक जाबदार क्रमांक २ माझ्याकडे आली होती, टोमॅटोच्या तोडणीवर जाणारी विधवा. ‘वकीलबाई, म्हातारपणी मला घराबाहेर काढत्याल का?’ एवढाच तिचा प्रश्न. मुलाने तिला तसं सांगून ठेवलं होतं. आईच्या डोळ्यांतलं पाणी दाखवून सुनेला नमवायचं, हा त्याचा डाव मला पहिल्या भेटीत कळला. ‘मावशी, कलम १९ मध्ये स्पष्ट लिहिलंय, घर सोडून जाण्याचा आदेश बाईविरुद्ध देता येत नाही,’ मी म्हटलं. पण दुसरी बाजूही तिला सांगितली. घर तुमच्या नावावर आहे एवढ्यावर सुनेला बाहेर ठेवता येणार नाही. सतीश अहुजा प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरही सामायिक घर असू शकतं असं ठरवलंय. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘मधली खोली देती तिला. पर चूल येगळी.’ त्या दिवशीची सगळ्यात शहाणी तडजोड तिनेच सुचवली होती, मुलाने नाही.

मोफत वकिलासाठी तालुका कोर्टाच्या आवारात विधी सेवा समिती असते, जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. साध्या कागदावर मराठीत अर्ज चालतो. नोटिशीची प्रत जोडायची, उत्पन्नाची अट लागू असेल तर प्रतिज्ञापत्र द्यायचं. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं. नेमलेल्या वकिलाने तुमच्याकडून फी घ्यायची नसते. कोणी मागितली तर समितीला लेखी कळवा. ‘फुकटचा वकील काय लढणार’ हे मी रोज ऐकते. काही जण मनापासून काम करत नाहीत, हे खरं आहे. फी घेणाऱ्यांतही असे असतात. वकील बदलून मागता येतो, पण तारखेच्या आदल्या दिवशी नव्हे.

वकिलाकडे जाताना नोटिशीचं प्रत्येक पान न्या. मोबाइल जसा आहे तसा राहू द्या. तिचे मेसेज दाखवायचे आणि आपल्या शिव्या पुसून टाकायच्या, हे हमखास उघडं पडतं, कारण तोच संवाद तिच्याही फोनमध्ये असतो. उत्पन्नाचं तसंच. नागपूरहून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात २०२० साली ठरलं, की पोटगीच्या अर्जात दोघांनीही मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर सांगायची. दोन ट्रक दारात उभे असताना ‘शेतमजुरी’ लिहायला सांगणारा पक्षकार मी परत पाठवते. खोटं प्रतिज्ञापत्र हे वेगळंच संकट आहे, आणि खरं सांगायचं तर माझी सहीही त्याच कागदावर असते.

एक गोष्ट मी फळ्यावर लिहून टांगावी म्हणते: तिने स्वतः फोन करून ‘या’ म्हटलं तरी आदेश उठत नाही. संरक्षण आदेश तिने रद्द करण्याचा अर्ज देईपर्यंत चालू राहतो. समेट होत असेल तर दोघांनी कोर्टात येऊन तसं नोंदवा आणि मगच तिच्या दारात जा. समेट नसेल आणि आदेश चुकीचा वाटत असेल, तर आदेश बजावल्यापासून ३० दिवसांत सत्र न्यायालयात अपील आहे. परिस्थिती बदलली, नोकरी गेली, आजारपण आलं, तर कलम २५ खाली आदेशात बदल मागता येतो. पण अपिलाची मुदत घालवून या कलमाच्या आडून जुना हिशेब उकरायला जाऊ नका. कर्नाटकातल्या एका नवऱ्याने आधी दिलेले पैसेच परत मागितले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, बदल आदेशानंतरच्या परिस्थितीत झालेला हवा आणि त्याचा परिणाम पुढच्या काळावरच होईल. त्या नवऱ्याला मागचं काही परत मिळालं नाही.