ब्रेक दाबला की टेललाइट मंद का होतो?

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या रस्त्यांवर रात्रभर उसाच्या ट्रॉल्या धावतात. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांवर डोंगरासारखा रचलेला ऊस आणि मागचा दिवा बंद. चालकाला विचारावं, तर उत्तर ठरलेलं: ‘परवाच नवा बल्ब टाकलाय.’

बल्ब खरंच नवा असतो. दुखणं बहुतेक वेळा अर्थचं असतं.

ट्रॅक्टरच्या 12 व्होल्टच्या बॅटरीतून निघालेली वीज सात पिनांच्या सॉकेटमधून ट्रॉलीत जाते. दिवा लागायचा तर ती परतही यायला हवी. परतीसाठी सॉकेटमध्ये अर्थची स्वतंत्र पिन असते. पण ही तार जोडलेली नसली, किंवा मधेच तुटली, तर वीज ट्रॉलीच्या चासिसमधून, हुकातून आणि खिळीतून वाट काढते. खिळीवर ग्रीस, गंज आणि माती. ट्रॉली उभी असताना दिवे लागतात, पहिल्या खड्ड्यात लुकलुकतात.

अर्थ सुटला की दिवे चमत्कारिक वागू लागतात. ब्रेक दाबला की टेललाइट मंद होतो, इंडिकेटर लावला की बाकीचे दिवेही उघडझाप करतात. यात भुताटकी नाही. टेललाइटची 5 वॅटची आणि ब्रेकची 21 वॅटची तार बऱ्याचदा एकाच बल्बमध्ये असते आणि दोघींचा अर्थ सामाईक असतो. तो कमजोर पडला की वीज शेजारच्या तारेतून परतायला बघते.

तपासणी सोपी आहे. एक लांब तार घ्यावी; एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं दिव्याच्या होल्डरच्या धातूला लावावं. दिवा लख्ख पेटला, तर दोष अर्थचाच. नाही पेटला, तर ट्रॅक्टरकडच्या सॉकेटपासून टेस्ट लॅम्प लावत मागे सरकावं. तिथेच वीज नसेल तर आधी फ्यूज पाहावा.

इथे मल्टिमीटर फसवू शकतो. वायरीचा एकच धागा शाबूत असला तरी तो 12 व्होल्ट दाखवतो, पण 21 वॅटच्या बल्बला लागणारे पावणेदोन अँपिअर त्या धाग्यातून नीट जात नाहीत. टेस्ट लॅम्पही छोट्या बल्बचा नको, 21 वॅटचाच हवा. आणि दोन्हीकडचे दिवे सारखेच मिणमिणत असतील तर बल्बवरचा आकडा वाचावा: ट्रकचा 24 व्होल्टचा बल्ब ट्रॅक्टरवर कधीच नीट पेटणार नाही.

दुरुस्ती स्वस्त आहे. सॉकेटपासून प्रत्येक दिव्यापर्यंत अर्थची स्वतंत्र वायर ओढावी. चासिसला जोडायची तिथे रंग खरवडून लग बोल्टनं आवळावा. पिळून टेप गुंडाळलेले जोड पावसाळ्यात हिरवे पडतात, ते कापून टाकावेत. मागच्या ट्रॉलीसाठी पुढच्या ट्रॉलीला पाठीमागे वेगळं सॉकेट बसवावं. हे सगळं पहिली खेप भरण्याआधी करावं, आणि रिफ्लेक्टर असले तरी करावं: मागच्या गाडीचा उजेड पडल्याशिवाय ते चमकत नाहीत.