एअरब्रशला सर्दी झाली!

गणपती जवळ आले की पेणच्या कारखान्यांत डोकावून बघा. कुठे सोंडेला रंग चढतोय, कुठे पितांबराला. मधूनच आवाज येतो, स्स्स्स्! आणि रंगाचा बारीक फवारा मूर्तीच्या गालावर असा पसरतो, की एक छटा कुठे संपली नि दुसरी कुठे सुरू झाली, ते सांगताच येत नाही.

त्याच फवाऱ्याचं धाकटं भावंड म्हणजे एअरब्रश. पेनाएवढी लांबी आणि वर रंगाची इवलीशी वाटी. माझ्या भाचीनं, सईनं, तोंडाला मास्क बांधून शाडूचा छोटा गणपती रंगवायला घेतला. पहिली पाच मिनिटं झकास! मग फुर्रर्र... थू! बाप्पाच्या उपरण्यावर शिंतोडे.

“मामा, याला सर्दी झालीय!”

निदान अगदी बरोबर. त्याचं नाकच चोंदलं होतं.

हे नाक केवढं असतं माहितीये? नोझलचं भोक साधारण ०.३ मिलिमीटर. डोक्याचे चार केस शेजारी शेजारी ठेवले, की झालं तेवढं! त्यातही मधोमध सुई बसलेली. खटका खाली दाबला की हवा सुटते आणि मागे ओढला की सुई सरकून रंगाला वाट मिळते.

खरी गंमत पुढे आहे. ही हवा रंगाला मागून ढकलतच नाही! ती नोझलच्या तोंडाभोवतून सुसाट धावते, त्यामुळे तिथला दाब कमी होतो. वाटीतल्या रंगावर मात्र वातावरणाचा नेहमीचा दाब असतोच. तो रंगाला पुढे लोटतो आणि बाहेर पडल्या पडल्या वारा त्याचा भुगा करतो.

मग नाक चोंदलं कशानं? वारा असला की दोरीवरचे कपडे कसे झटपट वाळतात! सुईच्या टोकावरचा रंगही तसाच वाळतो. म्हणजे जो वारा रंग उडवतो, तोच रंगाची खपली धरवतो. सईनं ओल्या कापसाच्या काडीनं टोक हळूच पुसलं आणि फवारा पुन्हा सुरू झाला.

“पण दुखणं रंगाचं की यंत्राचं, हे कळणार कसं?” तिनं विचारलं.

सोपं आहे. पाण्यात मिसळणारा रंग असेल, तर वाटी धुऊन नुसतं पाणी उडवून बघायचं. पाणी छान उडालं, तर यंत्र ठणठणीत आणि रंगच दाट. तो दुधाइतका पातळ करायचा. फारच पातळ झाला, तर वारा थेंबाला पळवतो आणि त्याला कोळ्यासारखे पाय फुटतात!

पाणीही नीट उडत नसेल, तर लक्षणं बघा.

वाटीत गुळण्या केल्यासारखे बुडबुडे येतात? हवा उलटी वाटीत शिरतेय. नोझल सैल झालंय किंवा पुढे काहीतरी अडकलंय.

फवारा एका बाजूला जातो? बहुधा सुईचं टोक वाकलंय. ते फार नाजूक आणि टोकदार असतं, म्हणून सुई मोठ्यांनीच काढायची.

रंगात मधूनच पाण्याचे थेंब पडतात? चोर आहे पाऊस! पावसाळी हवेत बाष्प भरपूर. एअरब्रशला नळीतून हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरनं ती दाबली आणि मग ती निवली, की बाष्पाचं पाणी होऊन नळीत उतरतं. म्हणून नळीच्या वाटेत पाणी अडवणारा सापळा लावतात.

तुमच्याकडे एअरब्रश नाही? पेलाभर पाण्यात एक स्ट्रॉ उभी धरा, तिचं वरचं टोक पाण्याच्या जरासंच वर ठेवा. दुसरी स्ट्रॉ त्या टोकाशी आडवी धरून जोरात फुंका. उडाला फवारा?

नाही उडाला, तर दोन्ही स्ट्रॉ एकदम हलवू नका. आधी उंची बदला, मग कोन, मग फुंकर. एका वेळी एकच! नाहीतर दुखणं बरं होईल, पण कोणत्या औषधानं, ते कळणारच नाही.