कॅशियर चपळ, पण व्हाउचर पास कोण करणार?

ज्यांनी १९९० च्या आधी बँकेतून पैसे काढले आहेत त्यांना पितळी टोकन आठवत असेल. खिडकीवर स्लिप द्यायची, टोकन घ्यायचं आणि बाकावर बसून राहायचं. आत त्या स्लिपचा प्रवास सुरू होई. लेजर क्लार्क खात्यात नोंद करी, अधिकारी सही ताडून ती पास करी आणि मग ती कॅशियरच्या पिंजऱ्यात पोहोचे. कॅशियर कितीही चपळ असो, पास झालेली स्लिप हाती आल्याशिवाय त्याला नोटा मोजता येत नसत. माझ्या नोकरीची पहिली काही वर्षं याच साखळीत गेली. त्यामुळे हल्ली घरोघरची तरुण मुलं जो वाद घालतात तो मला चटकन समजतो. वाद असा : गेम खेळण्याच्या कॉम्प्युटरमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड घालायचं, तर बरोबर प्रोसेसरही बदलायचा का?

पडद्यावर खेळ हलताना दिसतो तो एकामागून एक येणाऱ्या चित्रांमुळे. प्रत्येक चित्राआधी प्रोसेसर हिशेब मांडतो : शत्रू कुठे आहे, गाडी किती वळली, कोणतं दार उघडं आहे. मग काय काढायचं त्याचा हुकूम तो कार्डाला देतो आणि कार्ड ठिपका ठिपका रंगवतं. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. दोघांपैकी जो मागे पडेल त्याच्या चालीनं सगळी शाखा चालते. मात्र पडदा मोठा झाला की काम वाढतं ते मुख्यतः कार्डाचं. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २१ लाख ठिपके असतात, फोर-के पडद्यावर सुमारे ८३ लाख. प्रोसेसरचा हिशेब जवळपास तेवढाच राहतो. म्हणून मोठ्या पडद्यावर खेळणाऱ्याचं जुन्या प्रोसेसरवरही बरंच निभावतं.

माझ्या धाकट्या भावाचा मुलगा बावीस वर्षांचा. अप्रेंटिसशिपच्या विद्यावेतनातून २०२४ च्या दिवाळीपर्यंत त्यानं ३५,००० रुपये साठवले होते. त्याचं मशीन २०२० सालचं : रायझन ५ ३६००, बी-४५० चा मदरबोर्ड, जीटीएक्स १६६० सुपर कार्ड. त्याला आरटीएक्स ४०६० हवं होतं. दुकानदार म्हणाला, ‘‘हा प्रोसेसर त्या कार्डाला अडवणार. पूर्ण कॉम्बो घ्या.’’ कॉम्बो म्हणजे नवा प्रोसेसर, तो जुन्या बोर्डात बसत नाही म्हणून नवा बोर्ड, त्या बोर्डाला जुनी रॅम चालत नाही म्हणून नवी रॅम. कार्डाखेरीज आणखी ३८,००० रुपये. वर ‘हप्ते करून देतो, व्याज शून्य’.

भावाचा आवाज चढला. खेळापायी कर्ज, तेही पहिला पगार हातात पडायच्या आधी! पोरगा गप्प. शेवटी माझ्याकडे येऊन म्हणाला, ‘‘काका, तुम्ही कर्जं मंजूर करायचात ना? मग हे बघा.’’

मी म्हटलं, अर्जदाराच्या सांगण्यावर कर्ज मंजूर करत नसतात, आणि विकणाऱ्याच्या तर नाहीच. आधी तपासणी. इंटरनेटवर म्हणे दोन नावं टाकली की अडथळ्याचे टक्के सांगणारी गणकयंत्रं आहेत. ती मी बाजूला ठेवायला लावली. खेळ कोणता, पडदा केवढा हे ठाऊक नसताना काढलेला टक्का ताळेबंद न पाहता दिलेल्या दाखल्यासारखा. खरी तपासणी फुकटात घरीच होते. आफ्टरबर्नर नावाचा मोफत प्रोग्रॅम खेळ चालू असताना आकडे दाखवतो. सायबरपंकमध्ये सेकंदाला ४८ चित्रं येत होती आणि कार्ड ९८-९९ टक्के राबत होतं, म्हणजे कॅशियरसमोरच रांग. मग खेळाची बाकी सेटिंग्ज न हलवता फक्त ठिपके कमी केले, १२८० बाय ७२०. आकडा ७६ वर गेला आणि कार्डाला उसंत मिळाली. याचा अर्थ त्याचा प्रोसेसर त्या खेळात सेकंदाला ७६ च्या आसपास व्हाउचरं पास करू शकतो. त्याचा पडदा ७५ हर्ट्झचा. त्याहून जास्त चित्रं पाठवली तरी पडदा ती दाखवू शकत नाही. व्हॅलोरंटमध्ये उलटं दिसलं : ठिपके कमी करूनही आकडा हलेना, कारण तिथं हात आखडता होता तो प्रोसेसरचा. पण तो आकडा दोनशेच्या वर होता, तेव्हा तक्रार कोण करणार?

विजेचाही हिशेब झाला. जुनं कार्ड १२५ वॅटचं, नवं ११५ चं, म्हणजे पॉवर सप्लाय तोच चालणार. एक खोट मात्र होती. हे कार्ड बोर्डाशी आठच लेनवर बोलतं आणि जुन्या बोर्डावर त्या लेनचा वेग निम्मा. कार्डाची ८ जीबी मेमरी पुरते तोवर त्याचा त्रास थोडा, ती ओसंडली की जाणवतो. टेक्श्चर एक पायरी खाली ठेवायला तो तयार झाला.

सगळ्यांनी असंच करावं असं मात्र नाही. शेजारच्या मुलीचं मशीन २०१७ च्या आय-५ ७४०० चं, चार कोअर, चार थ्रेड. तिथं सरासरी बरी दिसे, पण गर्दीच्या चौकात खेळ अडखळे. शाखेतही सरासरी दहा मिनिटांत पैसे मिळत, पण पेन्शनच्या दिवशी म्हातारी माणसं दोन-दोन तास ताटकळत. सरासरीनं त्यांचे पाय दुखायचे थांबत नाहीत! तिला मी कार्ड थांबवून आधी प्रोसेसर बघायला सांगितलं. पुढच्या पिढीचा प्रोसेसर दिसायला त्याच सॉकेटचा असला तरी तिच्या बोर्डावर चालत नाही, म्हणजे बोर्डही आलाच. खर्चिक आहे खरं, पण नुसतं कार्ड घालणं तिच्यापुरतं वाया गेलं असतं.

पुतण्यानं फक्त कार्ड घेतलं, रोखीनं. सायबरपंकचा आकडा आता सत्तरीत असतो. व्हॅलोरंटमध्ये काडीचा फरक पडला नाही, पडणारही नव्हता. आता तो १४४ हर्ट्झचा पडदा घ्यायचं म्हणतो. तो आला की प्रोसेसरची पाळी येईल, पण तेव्हाही बोर्ड बदलायचं कारण नाही. २०२२ साली आलेला रायझन ७ ५८००एक्स३डी किंवा त्याचा धाकटा भाऊ त्याच सॉकेटात बसतो. फक्त आधी बोर्डाचं बायोस अद्ययावत करायचं आणि ते चालू असताना वीज जाता कामा नये. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. तेव्हा ते काम शुक्रवारी.